मागची चाकं उचलली गेली तेव्हा

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य शाखेत तीन नवे सर्व्हर आले तो शनिवार. सोमवारी काउंटर उघडायच्या आत सगळं चालू हवं होतं. मी हिशेब केला, दुपारी जेवायला घरी. पोचलो रात्री पावणेदहाला.

सर्व्हर बसवायचा रॅक, म्हणजे उभा लोखंडी सांगाडा, नवा कोरा, चाकांवर उभा होता. बेचाळीस यूचा; यू हे रॅकच्या उंचीचं माप. व्हेंडरचा मुलगा म्हणाला, "साहेब, वरच लावू या. परत परत वाकायला नको." मलाही पटलं, कंबर माझीच होती. एकेक सर्व्हर तीसेक किलोचा. पहिला वर चढवला आणि मागच्या केबल बघायला रॅकच्या सरकत्या रुळांवरून पुढे ओढून ठेवला. दुसरा रुळांवर टेकवला, बसेना, म्हणून वरून दाबला. रॅक हळूच आमच्याकडे झुकला. मागची चाकं फरशीवरून सुटली होती. शिपाई मामांनी मागून दोन्ही हातांनी दारच धरून ठेवलं, म्हणून आम्ही वाचलो. रॅक उलटू नये म्हणून पुढे लावायचे पाय खोक्यातच होते, प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं.

सगळं उतरवलं. आधी लेव्हलिंगचे पाय खाली सोडून चाकांवरचा भार काढला, पुढचे आधार बोल्टने कसले. यूपीएसच्या बॅटऱ्या सर्वांत खाली, त्यावर सर्व्हर, वर फक्त नेटवर्कचा स्विच. एका वेळी एकच सर्व्हर बाहेर. उचलण्याआधी पॉवर सप्लाय आणि डिस्क काढून घेतल्या, डिस्कवर जागेचे नंबर लिहून. वजन बरंच उतरलं. तरी उचलायला दोघं.

मग भोकांनी छळलं. उभ्या पट्टीवर प्रत्येक यूला तीन चौकोनी भोकं. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, पावणेदोन इंच. पण भोकं सारख्या अंतरावर नसतात. दोन अंतरं सुमारे १६ मिलिमीटरची, तिसरं १२.७ चं. भोकं जिथे जवळ येतात तिथे एक यू संपतो. हे मला ठाऊक नव्हतं. मी पुढून मोजलं, मुलाने मागून, आणि रूळ एका भोकाने तिरका बसला. सर्व्हर अर्ध्यात अडकला. आम्ही तेल सोडायच्या विचारात होतो! चौकोनी भोकात अडकवायचे केज नटही मी स्क्रू-ड्रायव्हरने बसवत होतो. अंगठा सोलवटल्यावर खोक्यात त्याचं आकडीचं हत्यार सापडलं.

वीजजोडणी सोपी वाटली होती. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, आम्ही दोन्ही विजेच्या एकाच सॉकेटपट्टीत खोचले होते. मग त्या दोन पिनांचा उपयोग काय? एक या पट्टीत, एक दुसऱ्या पट्टीत केली. रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या लावल्या, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते.

वायरमन काकांनी चालू करू दिलं नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर सात व्होल्ट दाखवत होता. "दोनच्या आत पाहिजे. खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?" मे महिना, कुणालाच आठवेना. मामा पार्किंगमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतत राहिले, काकांनी खड्ड्यातला गंजलेला नट घासून कसला. तासाभराने मीटर १.८ वर आला. "आता दाबा बटण," काका म्हणाले, आणि तिन्ही सर्व्हरचे पंखे एकदम गरजले.