भुयाराचं तोंड, नोंद 9: चर खोदला आणि कपाळ सुटलं

पाऊस उघडला आणि तोंड पुन्हा बुजलेलं मिळालं. मे अखेरीस 90 सें.मी. उंच, 75 रुंद असं मोकळं केलं होतं. आता वरच्या अंगाला जेमतेम हात शिरेल एवढी फट आहे. ढीग अंदाजे 3 घनमीटर. त्यात दगड-मुरूम थोडा आणि तांबडी गेरूमाती जास्त, आणि खरी गोम याच मातीत आहे. उतारावरून घसरलेला माल असता तर गोटे जास्त निघाले असते. ही माती तोंडाच्या दोन्ही खांद्यांतून, म्हणजे बाजूच्या भिंतींतून आली आहे.

गेल्या नोंदीतला वरचा चर आठवा: तोंडाच्या 6 मीटर वर, 60 सें.मी. रुंद, 30 खोल, सलग समतल. पाणलोटाच्या कामात खोदतात तोच. चूक तिथेच झाली. समतल चर पाणी अडवून जिरवतो. शेतासाठी ते सोनं, पण भुयाराच्या डोक्यावर तेच पाणी घात करतं.

साक्री-नंदुरबारकडे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य धावणाऱ्या डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या दगडी भिंती आहेत. आपल्या टेकडीची धारही त्यातलीच, उभ्या-आडव्या भेगांनी भरलेली. चरातलं पाणी त्या भेगांतून खाली उतरलं आणि दोन बेसाल्ट थरांमधल्या 40 सें.मी. जाडीच्या तांबड्या पट्ट्यावर अडलं. तो पट्टा चिकणमातीचा, पाणी पुढे सोडत नाही. भिजला की फुगतो, सुटा होतो. कपाळाचा, म्हणजे तोंडावरचा आडवा दगड नेमका त्यावरच टेकलेला आहे. खांदे वाहून गेले आणि दगड 6 सें.मी. खाली बसला. पहारीने ठोकल्यावर उजवीकडे खणखणीत वाजतो, डावीकडे बद्द. डावी बाजू सुटलेली आहे.

म्हणून ढीग खालून उपसू नका. आत्ता कपाळाला तोच आधार देतोय. वरून अर्ध्या मीटरची खाच काढायची, बाजूला उभं राहून, आणि लगेच टेकू लावायचा. स्लॅबखाली लावतात ते सेंट्रिंगचे जॅक इथे निरुपयोगी: त्यातला आखूड जॅकही सहसा मीटरभराच्या वर असतो. 15 सें.मी. जाडीचे बाभळीचे ठोकळे मापाने कापून, खाली बेसाल्टची फरशी घालून, वर दोन समोरासमोरच्या पाचरी ठोका. बाभूळ मोडण्याआधी करकरते, त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळतो. मात्र ओली बाभूळ सुकताना आक्रसते, म्हणून पाचरी दर आठवड्याला पुन्हा ठोकाव्या लागतात.

कायमच्या आधाराला 50×50×6 चे अँगल, तीन चौकटी, अर्ध्या मीटरवर एक. अँगल मीटरला साडेचार किलो, म्हणजे चौकट साडेअकरा किलोची. एक माणूस वर नेतो. वर वीज नाही, म्हणून वेल्डिंगऐवजी 16 मि.मी.चे बोल्ट. भोकं खालीच पाडून आणा आणि जुळवून बघितल्याशिवाय वर चढवू नका. चौकटीचे पाय तांबड्या पट्ट्यावर टेकवू नका, खालच्या काळ्या दगडापर्यंत जा.

पोटातला एक विजय: तळाशी टाकलेला 110 मि.मी.चा पाइप ढिगाखालूनही वाहतोय. आत पाणी तुंबलेलं नाही. पाइपला बाहेर उतार दिला होता, तो फळला.

आता चर. जुना चर माती चोपून भरायचा. नवा 1:50 उताराचा, तोंडाला वळसा घालून डावीकडच्या नाळेत सोडणारा, आणि तळाला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा जुना कागद. नवीन विकत घेण्याची गरज नाही. शेततळ्याचे फाटके तुकडे दोन पदरी चालतात, फक्त सांधे उताराच्या दिशेने एकावर एक चढवा.

आधी चौकटींच्या मागे गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेली भिंत घालायची होती. ती रद्द. मागचं पाणी तिच्यातून निघतं, पण बारीक मातीही सोबत वाहून जाते. त्याऐवजी दोन्ही खांद्यांत 32 मि.मी.चे भोकं पाडलेले पाइप बाहेर उताराने घालायचे. गाळणीसाठी केळीच्या घडांना घालतात त्या न विणलेल्या कापडाच्या स्कर्टिंग बॅगा, तीन पदर. उन्हात हे कापड ठिसूळ होतं, पण जमिनीत ऊन लागत नाही. रावेर-यावल पट्ट्यात त्या सहज मिळतात. ही युक्ती आधी सुचायला हवी होती.

किल्ल्यावर हे करू पाहणाऱ्यांसाठी: केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, 1958 च्या कायद्यात 2010 ची दुरुस्ती झाल्यापासून. परवानगीशिवाय तिथे खोदू नका.

आत ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की बाहेर पडा. मेणबत्तीवर विसंबू नका. वाघळांच्या विष्ठेमुळे एन-95 मास्क हवाच. जाळी बसवायची तर गज आडवे ठेवा, मधलं अंतर 146 मि.मी., म्हणजे वाघळं ये-जा करतात आणि माणूस शिरत नाही.

कपाळाच्या भेगेवर पीओपीचे तीन ठिपके लावले आहेत, तारीख लिहून. टेकू लागल्यानंतर महिनाभर ते अखंड राहिले, तरच ढीग उपसायला घेऊ. एकही तडकला तर आधी डावीकडे आणखी एक ठोकळा.