मोफत बसला माझा विरोध आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही. पाठिंबाही नाही, निदान जीमॅटच्या (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या) वर्गात मी जो प्रश्न घेतो, त्यात तरी नाही.

आपल्या सीमाभागात ‘तुम्ही कुठल्या बाजूचे’ हे ऐकतच माणूस मोठा होतो, त्यामुळे विचारणाऱ्याचा राग येत नाही. पण निपाणीच्या स्टँडवर कुणाचे तरी वडील गाठून म्हणतात, “सर, तुम्ही पोरांना सरकारच्या योजना पाडायला शिकवताय म्हणं,” तेव्हा डोकं फिरतं.

तो प्रश्न असा. कर्नाटकात ११ जून २०२३ ला शक्ती योजना, म्हणजे सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास, सुरू झाली. त्यानंतर सरकारी बसमध्ये बायकांची संख्या वाढली, म्हणजे बायकांचं फिरणं वाढलं, म्हणजे बाजारातली उलाढालही वाढली असणार. हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशाने कमकुवत होतो?

पोरं ‘ब’ धरतात: योजनेचा भार तिजोरीवर पडतो. खरं असेल. त्यावर विधानसभेत भांडा. पण तिजोरीवर भार पडला म्हणून बायका कमी फिरल्या असं होत नाही. ‘इ’ म्हणतो, पलीकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. असू दे की! उत्तर ‘क’: यातल्या बऱ्याच बायका आधी त्याच वाटेने वडापने, म्हणजे सीटमागे भाडं घेणाऱ्या खासगी गाडीने, जात होत्या. प्रवास तोच, गाडी बदलली. बसमधली वाढ खरीच, ती नाकारायची नाही. त्या वाढीवरून निष्कर्षावर जी उडी मारली, तेवढी अडवायची. अडवली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, त्याचा आधार खचतो. जीमॅटच्या व्हर्बलला, म्हणजे वाचन आणि युक्तिवादाच्या भागाला, ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात. तिथे तुमचं मत कुणी विचारत नाही.

इथवर मी ठाम आहे. पुढचं सांगायला जड जातं.

माझे मामा निपाणी-चिकोडी वाटेवर वडाप चालवायचे. योजना आली त्यानंतरच्या म्हाईला आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. मटणाचा रस्सा वाढला जात होता आणि मामा म्हणाले, “फुकट बस आली आणि माझं वडाप बसलं.” पंगतीत सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. वर्गातून आलेलो, जीभ गरम होती. म्हटलं, “मामा, एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं. कॉलेजची पोरं मोटरसायकलीवर गेली. तुमची गाडी दोन-दोन दिवस गॅरेजला असायची. शिवाय डिझेल.” एकेक कारण मी बोटावर मोजून दाखवलं. पंगत गप्प झाली.

मामा जेवता जेवता थांबले. म्हणाले, “मी काचंतनं बगत हुतो की रं. कुठली बाई कुठल्या फाट्याव चढती, मला म्हाईत न्हाई व्हय? त्याच आक्का फाट्याव हुब्या. माझी गाडी दिसली की तिकडं तोंड करायच्या.”

मग ते उठून हात धुवायला गेले. पुढे गाडी विकली. माझ्याशी बोलतात, पण गाडीचा विषय निघाला की उठून जातात.

आता बघा. वर्गात ज्याला मी बरोबर उत्तर म्हणतो, तो ‘क’ उभा आहे कशावर? मामांच्या रिकाम्या सीटांवर. ते एकटे साक्षीदार, आणि पंगतीत त्यांचीच साक्ष मी उलटतपासणी घेतल्यासारखी मोडायला निघालो. त्या वेळच्या मला विचारलं तर तो म्हणेल: मामांची साक्ष आक्कांबद्दल होती, मोटरसायकलवाल्या पोरांबद्दल नव्हती. मामांचा धंदा दोन्हींनी मिळून बसवला असेल. त्याचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. मामांचंही खोडता येत नाही. एका माणसाने काचेतून पाहिलेलं कितपत धरायचं, याचा पर्याय छापील प्रश्नात येत नाही.

आणि मामी? मामी झिरो तिकिटावर निपाणीच्या बाजाराला जातात, मामांच्या देखत. पूर्वी त्या मामांच्याच गाडीतून जायच्या, तेव्हाही फुकटच. म्हणजे सरकारच्या आकड्यात त्या नवीन प्रवासी, आणि माझ्या ‘क’च्या हिशेबात जुन्याच. मी हे त्यांना हसत हसत बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “जुनी कशी? तवा ह्येंची गाडी जाईल तवाच जायाचं. आता माझ्या मनात आलं की जाते. परवा तर नुसती माहेरी जाऊन आले, काम न्हाई, धाम न्हाई.”

म्हणजे ‘क’सुद्धा मामींच्या बाबतीत पूर्ण टिकत नाही. वर्गात तरी मी उत्तर ‘क’च देणार, कारण दिलेल्या पाचांत दुसरं कुठलंच जवळ जात नाही.