दोन बॅटऱ्या, एक चुकलेला सांधा आणि 18 व्होल्ट

माझ्या गिटारला ईएमजी कंपनीच्या 81 आणि 85 या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपची जोडी आहे. पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, लावून वाजवताना कधीच तक्रार नव्हती. कुरकुर होती ती क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या, आवाजाची. पिक जरा जोरात मारलं की सुराचं तोंड चेपल्यासारखं यायचं. हळू आणि जोरात यातला फरक हाताला कळायचा, कानाला नाही.

‘18 व्होल्ट कर, आवाज दणकून वाढेल,’ असं बरेच जण सांगतात. तसं काही होत नाही. या पिकअपच्या पोटात छोटा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट, असतो, तो 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. सिग्नलची लाट त्या 9 च्या मधोमध, साडेचारच्या आसपास हेलकावत असते. वर-खाली जायला तेवढीच जागा. जोरदार फटका बसला की लाटेचं डोकं छताला आपटतं. व्होल्टेज दुप्पट केलं की छत उंच होतं, लाट आहे तेवढीच राहते. ईएमजी हे पिकअप 27 व्होल्टपर्यंत चालतात असं सांगते, म्हणून 18 ची भीती वाटली नाही.

18 साठी 9 ची आणखी एक बॅटरी बसवायची होती. मागचं झाकण उघडलं आणि पहिली अडचण आली ती विजेची नव्हे, जागेची. पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचे आतले भाग), स्विच, वायरींचा गुंता आणि एक बॅटरी यांनीच पोकळी भरलेली. वायरी कडेला चापून, दुसरी बॅटरी उभी करून, आडवी करून, शेवटी तिरपी बसली. मधे फोमचा पातळ तुकडा घातला, नाहीतर गिटार हलवली की खुळखुळा.

जोडणी ऐकायला सोपी आहे. पहिल्या क्लिपची काळी वायर दुसऱ्या क्लिपच्या लाल वायरला जोडायची. उरलेली लाल पिकअपच्या लाल वायरींकडे जाते आणि उरलेली काळी जॅकच्या, म्हणजे केबल लावायच्या सॉकेटच्या, मधल्या पायाला, ज्याला रिंग म्हणतात. जॅक स्टिरिओ असतो तो याचसाठी. केबलची साधी मोनो पिन आत गेली की रिंग आणि ग्राउंड एकमेकांना चिकटतात आणि बॅटरी चालू होते. म्हणूनच वाजवून झालं की केबल काढायची.

आता लाज वाटणारा भाग. रात्री उशिरा काम करत होतो. जुन्या क्लिपची लाल वायर जिथे होती, तिथेच नव्या क्लिपचीही लाल डकवली, काळ्याला काळी. सोल्डर छान चकचकीत बसला, वर श्रिंक ट्यूब चढवली, झाकण लावलं. अर्धा तास वाजवलं आणि मला फरक स्पष्ट ऐकू आला! सूर मोकळे, पिकचा फटका खणखणीत. झोपायच्या आधी सहज मल्टिमीटर लावला. केबल जॅकमध्ये ठेवून काळी प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब पिकअपच्या लाल वायरीवर. आकडा आला 9.4.

म्हणजे दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडल्या होत्या. व्होल्टेज तेवढंच, फक्त बॅटरी जास्त दिवस पुरणार. तो अर्धा तास मी जे ऐकलं ते माझ्या डोक्यातलं होतं. त्यातून एक बॅटरी नवी, एक वापरलेली. अशा जोडीत नवी बॅटरी जुनीत करंट ढकलत बसते, तेही बरं नाही. दोन्ही क्लिप लगेच काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या आणि सांधा बदलला. या वेळी पिकअपला जोडण्याआधीच मोजलं, कारण उलट पोलॅरिटी गेली तर प्रीअँप जळू शकतो. 18.9. मग उरलेलं सोल्डरिंग.

या खेपेला कानावर विश्वास नव्हता, म्हणून आधी 9 वर आणि नंतर 18 वर तीच चाल तितक्याच जोरात वाजवून रेकॉर्ड केली. क्लीनवर जाड तारांना जोरात पिक मारलं की सुरुवातीचा टोकदार ‘टक्’ आता शाबूत येतो. फरक आहे, पण रात्री मी कल्पनेत ऐकला त्याच्या निम्मासुद्धा नाही. भरपूर डिस्टॉर्शन लावलं तर मला दोन्हींत काही कळत नाही. तिथे अँप स्वतःच लाट कापत असतो. खर्च एका जादा बॅटरीचा. एका पिकअपला जेमतेम 80 मायक्रोअँपिअर लागतात, त्यामुळे जोडी पुष्कळ टिकते. बदलताना मात्र दोन्ही एकदम.

उत्साहात बेस गिटारचंही झाकण उघडलं. तिचा प्रीअँप दुसऱ्या बनावटीचा, सर्किट बोर्ड उघडा. टॉर्च मारून बघितलं तर सप्लायवरच्या कपॅसिटरवर बारीक अक्षरात 16V छापलेलं, म्हणजे 18 त्याच्या मर्यादेबाहेर. झाकण परत लावलं.