तुम्ही विचारलंत म्हणून: ओरिगामीनंतर काय?

शाळेत जपानी कलांचा गट चालवणारे शिक्षक हटकून विचारतात, कागदी करकोचे करून झाले, आता मुलांना पुढे काय द्यावं? गोव्यात असाल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: ग्योताकु, म्हणजे माशाचा ठसा. 19व्या शतकात जपानी लोक गळाला लागलेल्या माशाला शाई लावून तो कागदावर उतरवत आणि नोंद म्हणून जपत. घरी रोज मासळी बघणाऱ्या मुलांना याहून जवळची जपानी कला आम्हांला तरी दिसत नाही.

मासा काळुंदर घ्या, वीतभर. तो चपटा असतो, खवलेही ठसठशीत. बांगडा गोलसर, त्यावर कागदाला चुण्या पडतात. मासळीवालीला आधीच सांगा, साफ करू नका. नाहीतर सवयीने खवले निघालेच.

बहुतेक ठसे बिघडतात ते बुळबुळीमुळे. तो चिकट थर राहिला की रंग धरत नाही, पांढरे डाग येतात. मूठभर मीठ चोळून धुवा, पुन्हा चोळा, धुऊन कोरडा पुसा. तोंडात, कल्ल्यांत आणि पोटाखालच्या छिद्रात कापसाचे बोळे घाला. नाहीतर दाबल्यावर पाणी सुटतं. थर्माकोल कोरून त्यात मासा बसवा, पर पसरून टाचण्या लावा, 10-15 मिनिटं पंख्याखाली ठेवा आणि मग टाचण्या काढा.

काळा पोस्टर कलर दुधाइतका पातळ करा. ब्रश डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, शेवटचा हात मात्र उलटा, म्हणजे खवल्यांच्या कडा रंगतात. डोळा सोडा. रंग जास्त झाला तर फटी भरतात आणि नुसता काळा डाग उमटतो, म्हणून पहिला ठसा वर्तमानपत्रावर घ्या. जपानी वाशी कागद कोझो या झुडपाच्या सालीतल्या लांब तंतूंचा, ओला झाला तरी सहसा फाटत नाही. इथे पातळ हातकागद किंवा जुनं मलमल वापरा. झेरॉक्सचा कागद माशाच्या अंगावर बसतच नाही. मधून कडांकडे बोटांनी दाबत जा. कागद सरकला की दुहेरी रेषा येतात. डोळा नंतर बारीक ब्रशने काढा. खाली माशाचं नाव, लांबी, तारीख आणि तो मांडवीचा की झुआरीचा, हे लिहायलाच हवं. त्याशिवाय ही नोंद होत नाही, नुसतं चित्र राहतं.

मासा नंतर खायचा का? नाही. रंग खाण्याचा नसतो, आणि आपल्या उकाड्यात तासभर बाहेर राहिलेला मासा धोक्याचा. बांगड्यात तर अशा वेळी हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. माडाच्या आळ्यात खोल पुरा.

जून-जुलैत हे करू नका. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या पाण्यातला काळुंदर तेव्हाही मिळू शकतो, पण दमट हवेत ठसे सुकत नाहीत, बुरशी धरतात. त्या दिवसांत कुमिहिमो ही जपानी गोफवीण घ्या: पुठ्ठ्याच्या गोल चकतीला 8 खाचा, मध्ये भोक, लोकरीचे 60 सेंटिमीटरचे 7 धागे. रिकाम्या खाचेपासून तिसरा धागा उचलून तिच्यात आणायचा, चकती फिरवायची. मोजण्याची दिशा मध्येच बदलली की वीण बिघडते, म्हणून चकतीवर बाण काढून द्या.