इटलीतील निवांतपणाचे वेळापत्रक

इटलीतील माणसे निवांत जगतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र हा निवांतपणा मोठ्या काटेकोर वेळापत्रकावर उभा आहे, हे रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस अशी धावती सहल करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. न्याहारी केव्हा, जेवण केव्हा, दुकाने बंद केव्हा आणि फेरफटका केव्हा, हे सारे गावाने मिळून ठरवल्यासारखे असते. ते मुकाट्याने स्वीकारले, की प्रवाशाच्या डोक्यावरचे नियोजनाचे बरेचसे ओझे उतरते. हे अनुभवायचे असेल, तर मी कोणालाही प्रथम उत्तर इटलीतील बोलोन्या या शहरी जायला सांगेन.

तिथली सकाळ बारमध्ये सुरू होते. इटलीतला बार म्हणजे मुख्यतः कॉफीचे दुकान. दारूही तिथे मिळते, परंतु सकाळी आठ वाजता जी गर्दी असते ती कॉफी आणि गोड क्रोसाँसाठी. आत शिरताना ‘बोन्जोर्नो’ म्हणावे, काउंटरपाशी उभे राहावे आणि ‘उन कॅफे’ मागावी, म्हणजे एस्प्रेसोचा चिमुकला कप पुढ्यात येतो. उभ्याने प्यायल्यास सव्वा-दीड युरोत काम भागते; तीच कॉफी टेबलाशी बसून घेतली, तर दर वाढतो आणि एखाद्या देखण्या चौकात तो दुपटीच्याही पुढे जातो. दर आधीच लावलेले असतात, त्यामुळे यात फसवणूक मानण्याचे कारण नाही. बसण्याचे पैसे मोजलेच आहेत, तर तासभर बसावे. कोणी उठवायला येत नाही. भरपूर दुधाचा कापुचिनो मात्र सकाळपुरताच मानला जातो. जेवणानंतर मागितला तरी देतात, पण आपल्या पचनाविषयी त्यांना वाटणारी काळजी चेहऱ्यावर लपत नाही.

बोलोन्यात दिवसभर पायी भटकता येते, ते तिथल्या पोर्टिकोंमुळे. इमारतींच्या तळमजल्याला लागून असलेले हे कमानीदार, छत असलेले पदपथ शहरभर मिळून सुमारे 62 किलोमीटर भरतात आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांतील निवडक भागांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांच्या मुळाशी जागेची टंचाई आहे. इथले विद्यापीठ परंपरेने 1088 पासूनचे मानले जाते. विद्यार्थ्यांची आणि कारागिरांची संख्या वाढू लागली, तसे घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून लाकडी खांबांचा आधार दिला. इतरत्र अशी वाढीव बांधकामे पाडून टाकली जात, परंतु बोलोन्याने 1288 मध्ये उलट नियम केला: नव्या घराला पोर्टिको असलाच पाहिजे, घोडेस्वाराला जाता येईल इतका तो उंच असावा आणि त्याची देखभाल मालकाने करावी. म्हणजे जागा खासगी, पण वहिवाट सर्वांची. तेराव्या शतकातील लाकडी खांब पाहायचे असल्यास स्त्रादा माज्जोरेवरील कासा इझोलानीपाशी थांबावे.

यांतील सर्वांत लांब पोर्टिको सारागोझ्झा वेशीपासून टेकडीवरच्या सान लूकाच्या देवळापर्यंत चढत जातो. त्याची लांबी जवळजवळ चार किलोमीटर आणि कमानी 666. देवळातील मेरीमातेची प्रतिमा 1433 पासून दरवर्षी, आपल्याकडे पालखी निघावी तशी, मिरवणुकीने शहरात आणली जाते. त्या वाटेवर पावसापासून निवारा मिळावा म्हणून 1674 मध्ये या बांधकामाला आरंभ झाला. आज त्याच कमानींखालून सकाळी धावणारे तरुण, कुत्रा फिरवणारे आजोबा आणि क्वचित जपमाळ ओढत चढणाऱ्या आजी एकाच संथ प्रवाहात दिसतात.

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळेतच उरकावे, कारण त्यानंतर बहुतेक खानावळींची स्वयंपाकघरे सात-साडेसातपर्यंत थंडावतात. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी एक-दोन किंवा अधिक युरोंची रक्कम दिसते. ती टेबल आणि पाव यांची आकारणी असते आणि मेनूकार्डावर नमूद केलेली असते. तिच्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. जगभर ‘स्पॅगेटी बोलोनीज’ म्हणून खपणारा पदार्थ इथे स्थानिक मानत नाहीत. मांसाचा रागू, म्हणजे मंद आचेवर शिजवलेला दाट रस्सा, इथे ताल्यातेल्ले या अंड्याच्या चपट्या पास्त्यावर घालतात. शाकाहारी माणसाने रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले, लोणी आणि सेजची सुवासिक पाने घातलेले तोर्तेल्लोनी, म्हणजे सारणाचा पास्ता, मागवावेत. मात्र त्यावर किसून घातले जाणारे पार्मिज्यानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरून बनवतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जेवणानंतरचे दोन-तीन तास लहान दुकाने आणि अनेक देवळे बंद असतात. ‘वेळ वाया गेला’ असे म्हणणारे प्रवासी मला याच तासांत भेटतात. गावच विश्रांती घेत असेल, तर आपणही खोलीवर जाऊन पडावे. सायंकाळी सहाच्या सुमारास दारे उघडी असतात, आपेरितिवोचे, म्हणजे रात्रीच्या जेवणाआधीच्या पेयाचे, ग्लास आणि सोबत खारे शेंगदाणे, ऑलिव्ह बाहेर येतात आणि ‘पास्सेज्जाता’, म्हणजे ठरावीक रस्त्यावरून नीटनेटक्या कपड्यांत मारलेला फेरफटका, सुरू होतो. त्याला गंतव्य नसते. ओळखीचे माणूस दिसले की थांबायचे, एवढाच त्याचा कार्यक्रम असतो.

बोलोन्याहून वेगवान गाडीने चाळीसेक मिनिटांत फ्लोरेन्स येते. तिथे संग्रहालयांच्या रांगांनी जीव मेटाकुटीला आला, तर आर्नो नदीकाठच्या कास्चिने उद्यानात जावे. मराठी माणसाला तिथे जाण्याचे आणखी एक कारण आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वयाच्या विसाव्या वर्षी निवर्तले. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमाजवळ हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले आणि पुढे तिथेच घुमटीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. स्थानिक लोक त्या स्मारकाला ‘इंदियानो’ म्हणतात आणि जवळच्या पुलालाही तेच नाव पडले आहे. स्मारक उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे, म्हणून चालण्याची तयारी ठेवावी. मंगळवारी याच उद्यानात कपडे, भांडी आणि खाद्यपदार्थांचा लांबलचक बाजार भरतो, तो दुपारी दोनच्या सुमारास आवरतो. त्या दिवशी गेल्यास बाजार आधी करावा. महाराजांच्या दर्शनाला दुपारच्या सुट्टीची अडचण नाही.