‘अगदी तू’

रविवार, रात्र

धाकटीला संध्याकाळी स्टेशनवर, दहा नंबर फलाटावर सोडून आले. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे रविवारी खिडकी मिळते. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीतून म्हणाली, ‘‘ताई, दुपारी तू ‘अगदी तू’ म्हणालीस ना, तेव्हा कुठला सीन चालू होता, आठवतंय तुला?’’

मी म्हटलं, ‘‘कधी म्हणाले?’’

ती नुसती बघत राहिली. गाडी सुटली.

एवढंच. कोपरखैरणे वीसेक मिनिटांवर. पोचल्यावर तिचा नेहमीसारखा आवाज आला फोनवर, ‘‘पोचले गं.’’ ती टाइप करत नाही, बोलूनच पाठवते. मी अंगठा पाठवला. तेव्हाच विचारता आलं असतं, नाही विचारलं. तलावपाळीवरून चालत आले. कट्ट्यावर नेहमीची गर्दी, घोडागाड्या, कणसंवाले. रंगायतनाच्या बाजूला थोडा वेळ बसले. दोन शब्दच तर आहेत, आणि ते मी जन्मभर तिला म्हणत आलेय. कपाटातून माझी ओढणी न विचारता घेतली, ‘अगदी तू’. छत्री विसरली, ‘अगदी तू’. त्यात आज काय वेगळं होतं?

सिनेमा तिनेच निवडला होता. ‘इन हर शूज’, २००५चा. जेनिफर वायनरच्या कादंबरीवरचा. टोनी कोलेट मोठी बहीण, कॅमेरॉन डियाझ धाकटी. मोठी फिलाडेल्फियात वकील, सकाळी उठून ऑफिस, रात्री घरी फायली. कपाटात एकाहून एक सुंदर बूट, जपून ठेवलेले, घालायचे मात्र नाहीत. कपडे अंगाला शोभत नाहीत, पण बूट नेहमी बरोबर बसतात, म्हणून घेत राहायचे. धाकटी तेच बूट काढते, घालते, मोडून ठेवते. नोकरी टिकत नाही, पैसे टिकत नाहीत, आणि मग ती असं काही करून बसते की मोठी तिला घराबाहेर काढते. धाकटी जाते ती थेट फ्लोरिडाला, आजीकडे. शर्ली मॅक्लेन आजी झालीय. बापाने मुलींपासून लपवून ठेवलेली आजी. तिने वर्षानुवर्षं पाठवलेली पत्रं धाकटीला त्याच्या टेबलात सापडतात.

मी पहिल्या दहा मिनिटांतच ठरवून टाकलं, ही मोठी म्हणजे मीच. ते कपाट बघूनच. माझ्या कपाटात बूट नाहीत, साड्या आहेत. दोन पैठण्या अजून घडीही न मोडलेल्या. कुठे नेसायच्या, बँकेत?

तिने काय ठरवलं असेल? तेच मला कळत नाहीये.

प्रेमकथा म्हणून लावला होता तो सिनेमा. तिला हसायचं होतं, म्हणाली, ‘‘आठवडाभर आईचे डोळ्यांचे थेंब आणि डॉक्टर, आज काही तरी हलकं बघू.’’ आणि हलका आहेही. तो सायमन मोठीला कुठे कुठे खायला घेऊन जातो, तिच्यासाठी स्वतःच मागवतो, ते सगळं गोड आहे. पण मला त्यात अडकता आलं नाही. मी सोफ्यावर बसून कान ओट्याकडे ठेवला होता. ती वाटाणे सोलत होती. डोळे पडद्यावर, बोटं आपोआप चाललेली.

साडेअकरा

सगळे झोपलेत. हेडफोन लावून सिनेमा पुन्हा लावलाय. दोन तास दहा मिनिटांचा आहे, सगळा बघणार नाही. मला फक्त ती जागा शोधायचीय.

२००५ म्हटलं की मला आधी २६ जुलै आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. ती रात्र तिने कुठे काढली होती, कशी काढली, ते तिने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही असंही आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. मी दार उघडून पहिलं वाक्य काय बोलले ते मला इथे लिहायचं नाही.

हा सिनेमा त्याच वर्षी ऑक्टोबरात आला होता. तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिला नाही.

पावणेबारा

सापडली.

धाकटी टीव्हीवर निवेदिका होण्यासाठी ऑडिशनला जाते. सुंदर दिसतेय, आत्मविश्वासाने उभी आहे. समोरच्या पडद्यावर अक्षरं सरकायला लागतात, तिने ती वाचून दाखवायची आहेत. तिला येत नाही. अक्षरं पुढे पळतात, ती मागे राहते. आधी ती हसते, केस उडवते, पुन्हा सुरू करते, पुन्हा अडते.

तेव्हाच. आठवलं मला. कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करायला उठले, वळून बघितलं तर पडद्यावर ती हसत होती आणि मी म्हणाले, ‘‘अगदी तू.’’

बहुतेक त्या हसण्यालाच म्हणाले असेन. अडल्यावर केस मागे टाकून हसायची तिची सवय आहे, लहानपणापासून. मी केसांना म्हणाले, हसण्याला म्हणाले. पण ती तर वाटाणे सोलत होती, तिला कसं कळणार मी कशाला म्हणाले?

हे वाक्य मी आतापर्यंत चार वेळा लिहून खोडलं. कारण मला माहीत नाही मी कशाला म्हणाले ते.

नौपाड्याच्या घरी आम्ही जमिनीवर पाट मांडून बसायचो. ती दहावीला होती, मी बँकेच्या परीक्षा देत होते. मी तिला मराठीचा धडा मोठ्याने वाचायला लावायचे. ती ‘वत्सल’ला ‘वसल’ म्हणायची, ओळ सोडून खालच्या ओळीवर जायची, आणि लक्षात आलं की हसायची. मला वाटायचं टाळाटाळ करते. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसवायचे. पट्टीही होती हातात, नाही असं नाही. आताच्या मुलांना बोर्ड अशा वेळी परीक्षेला जादा वेळ देतं, लागला तर लेखनिक देतं. तेव्हा आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. डिस्लेक्सिया हा शब्द मी पहिल्यांदा ‘तारे जमीन पर’ बघताना ऐकला, २००७च्या शेवटी. थिएटरमधून बाहेर पडताना मीही डोळे पुसत होते. पण तेव्हा मला ती आठवली नाही. त्या पोरासाठी रडले आणि घरी आले.

मग तिच्या मुलाला तपासलं, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का, बरेचदा असतं. ती तिथून थेट माझ्याकडे आली. चहा घेता घेता म्हणाली, ‘‘ताई, मला वाटतं मलाही तेच होतं.’’

मी म्हणाले, ‘‘चल, काहीतरीच.’’

चहा झाला, ती गेली. आठ वर्षं झाली. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

सव्वाबारा

आता मला राग यायला लागलाय, तोही लिहून टाकते.

फी मी भरली. टायपिंगच्या क्लासची मी भरली, तो सुटला तेव्हा ब्यूटिशियनच्या कोर्सची मी भरली. तिच्या लग्नात सोनं मी दिलं, माझ्या लग्नात कुणी काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. तिचा क्लिनिकवाला प्रसंग निस्तरायला नवी मुंबईत आठ दिवस रोज जाऊन मी बसले. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, या स्टेशनांचा क्रम मला तेव्हा पाठ झाला. आणि सिनेमात मोठी जेव्हा वकिली सोडते, लोकांची कुत्री फिरवायला लागते, एक दिवस त्यांना घेऊन फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या त्या मोठ्या पायऱ्या धावत चढते, दम लागलेला, केस विस्कटलेले, आनंदी, तेव्हा मी माझ्या धाकटीकडे बघितलं होतं. वाटलं, आता ती म्हणेल. तिने पडद्यावरून नजर न काढता शेंग सोलली. माझ्याकडे बघून कुणीच कधी ‘अगदी तू’ म्हणत नाही. सत्तेचाळीस वर्षांत कुणाला काही बघून मी आठवले असेन का, काय बघून आठवले असेन, मला माहीत नाही. फायलींच्या गठ्ठ्याकडे बघून आठवले असेन तर नकोच.

पण मी पायऱ्या चढणारी नाहीच. पैठणीची घडीसुद्धा मी मोडत नाही, आणि तिने ती मागितली तर देतही नाही. बाकी सगळं दिलं, हे मात्र खरं. आणि देताना प्रत्येक वेळी ‘अगदी तू’ असं काहीतरी वर ठेवून दिलं. मिठाईच्या पुड्यावर वरून दोरा बांधावा तसं.

सिनेमात एक गोष्ट आहे ती मला दुपारी कळली नव्हती, आत्ता कळली. आईबद्दलचं खरं काय ते मोठीला माहीत असतं. आई गेली कशी, तिचं काय बिनसलं होतं. धाकटीच्या आठवणीत तो काळ मजेचा आहे, कारण मोठीने तो तिच्यासाठी तसा राखून ठेवलाय. एकच घर, एकच आई, आणि दोघींच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी. मला वाटायचं आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी मी राखल्यात. तिनेही काही राखून ठेवलं असेल, असं कधी मनातच आलं नाही. त्या आठ वर्षांपूर्वीच्या चहानंतरही ती दर भाऊबीजेला इकडे येते. आई तिच्याकडे राहते. काचबिंदूनंतर आईला पेपर दिसत नाही, तर रोज सकाळी ती आईला वाचून दाखवते. मी गेले असताना पाहिलंय. ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू, एक शब्द सुटला तर परत मागे येऊन. आई मान हलवत ऐकते. मी तेव्हा आतल्या खोलीत बॅग भरत होते, गाडी गाठायची होती.

पावणेएक

राहवलं नाही, तिला आवाज पाठवला. टाइप केलं नाही, मुद्दाम. म्हणाले, ‘‘छोटे, झोपली असशील. सीन सापडला. ऑडिशनचा. मी तुझ्या हसण्याला म्हणाले असं स्वतःला सांगतेय, पण मला खात्री नाही. तुला लागलं असेल. आणि त्या दिवशी चहाच्या वेळी मी ‘काहीतरीच’ म्हणाले, ते काहीतरीच नव्हतं. तुला तेच होतं. मला माहीत होतं बहुतेक.’’

पाठवून फोन पालथा ठेवला. पाणी प्यायले. खाली वॉचमन गेट लावत होता.

एक वाजून दहा

तिचं उत्तर आलं. जागी होती. मागे आईचा खोकला ऐकू येत होता. जसं बोलली तसं उतरवून ठेवते, कारण उद्या मला नीट आठवणार नाही.

‘‘अगं ताई, तू दोनदा म्हणालीस. पहिल्यांदा ऑडिशनला, बरोबर. तेव्हा मला उठून घरी जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग पुढे ती त्या आंधळ्या म्हाताऱ्या सरांना कविता वाचून दाखवते ना हॉस्पिटलात, तेव्हाही म्हणालीस. हळूच, स्वतःशीच म्हटल्यासारखं. म्हणून मी विचारलं गाडीत. मला वाटलं दुसरं आठवत असेल तुला. बरं, ते चहाचं... ते राहू दे. बुधवारी येतेस ना? आईचे थेंब संपलेत, तिकडून घेऊन ये, इकडे मिळत नाहीयेत.’’

तीन वेळा ऐकलं.

दुसरं मला आठवत नाही. काहीच आठवत नाही. मी कुठे बसले होते, हातात काय होतं, वाटाणे झाले होते का, काहीच नाही. लागलेलं वाक्य मी कुकरच्या शिट्टीसकट शोधून काढलं, आणि हे दुसरं माझ्याच तोंडून गेलं, माझ्याच घरात.

सिनेमा पुढे सरकवला. हॉस्पिटलची खोली आहे. ते सर झालेत नॉर्मन लॉइड, तेव्हा नव्वदीला टेकलेले. त्यांना दिसत नाही, ते साहित्य शिकवायचे. ते तिला वाचायला सांगतात. ती म्हणते, मला हळू येतं. ते घाई करत नाहीत. ती एलिझाबेथ बिशपची कविता वाचते, वस्तू हरवतात, घरं हरवतात, माणसं हरवतात त्याबद्दलची. अडखळते, थांबते, पुन्हा त्याच शब्दावर येते. आणि ते झाल्यावर सर तिला विचारतात, या कवितेबद्दल तुला काय वाटलं? आतापर्यंत तिला कुणी असं विचारलेलंच नसतं. ती विचार करते. बरोबर उत्तर देते.

मी नौपाड्यात तिला कधी विचारलं नाही, धड्याबद्दल तुला काय वाटलं. फक्त वाच म्हणाले.

तो सीन दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना मोठ्याने म्हणून पाहिलं, ‘अगदी तू’. हळूच, तिने सांगितलं तसं. आवाज माझाच आहे. हो, असं मी म्हणू शकते.

बुधवारी बँकेतून परस्पर जाईन. थेंब राममारुती रोडवर मिळतात, सकाळी जातानाच घेऊन ठेवते, संध्याकाळी धावपळ होते. जांभळी पैठणी पिशवीत घालून ठेवलीय, तिच्या पुतणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. आणि सकाळी लवकर पोचता आलं तर बरं, ती आईला पेपर वाचत असते तेव्हा. पण सकाळी बँक आहे. मग रजाच टाकते.