मुलाला ब्लू टंग स्किंक हवा होता, त्या चौकशीचा माझा अनुभव

आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला, जाडजूड सरड्यासारखा प्राणी तोंड उघडतो आणि आतून निळीशार जीभ बाहेर, झालं, तेव्हापासून बाबा हाच पाहिजे. मी लगेच नाही म्हटलं नाही, म्हटलं आधी सगळी चौकशी करू आणि मग ठरवू.

आधी दोघांनी बसून वाचलं. हा आपल्या सापसुरळीच्याच कुळातला, फक्त खूप मोठा, ऑस्ट्रेलियातल्या पूर्वेकडच्या जातीचा दोन फुटांपर्यंत जातो. विषारी नाही. गोगलगाई, किडे, फुलं, पडलेली फळं सगळं खातो. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो आणि ती जन्मल्यापासून आपलं आपण बघतात, थोड्याच दिवसांत पांगतात. नीट सांभाळला तर वीस वर्षंसुद्धा जगतो, म्हणजे मुलगा कॉलेज संपवून नोकरीला लागला तरी हा घरातच, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं.

पण खरा फरक पडला तो जिभेबद्दल वाचून. २०१८ मध्ये तिथल्या संशोधकांनी उत्तरेकडच्या ब्लू टंगसमोर खोटा पक्षी, साप, घोरपड, कोल्हा असं आणून बघितलं. प्राणी आधी गप्प पडून राहतो आणि हल्ला अगदी अंगावर आला की एकदम पूर्ण जीभ बाहेर काढतो, पक्षी आणि कोल्ह्यासमोर सगळ्यात जास्त. जिभेचा मागचा भाग टोकापेक्षा जवळपास दुप्पट उजळ असतो आणि त्यात अल्ट्राव्हायोलेटही परावर्तित होतो, आपल्याला ते दिसत नाही पण पक्ष्यांना दिसतं. शिवाय फुसकारणं, अंग फुगवणं, चपटं करणं आहेच. म्हणजे व्हिडिओत लोक ज्याला क्यूट क्यूट म्हणतात त्यात तो बिचारा बऱ्याचदा घाबरलेला असतो. मुलाने तोच व्हिडिओ परत लावला, या वेळी नीट बघितला, आणि म्हणाला बाबा हा फुसकारतोय. मला फार बरं वाटलं, खरंच.

मग कागदपत्रं. ऑनलाइन भेटलेल्या एका विक्रेत्याला फोन केला, म्हणे ऑस्ट्रेलियन इम्पोर्टेड आहे, पेपर कशाला लागतात साहेब. आता ऑस्ट्रेलिया तर आपले जंगली सरडे-साप पाळण्यासाठी विकायला बाहेर जाऊच देत नाही, मग हा आला कुठून? नक्की जात कुठली, इंडोनेशियातून आलेला का, कुठे जन्मला, आयातीचा परवाना कुणाच्या नावावर, एकाचंही उत्तर नाही. आणि जात कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही, कारण २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या बऱ्याच ब्लू टंग जाती सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, तिसऱ्या परिशिष्टात टाकल्या, आणि आपल्याकडे २०२४ च्या नियमांप्रमाणे वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला, म्हणजे सायटिसच्या यादीतला, प्राणी घरात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. मी हे सगळं मेसेजमध्ये लिहून विचारलं तर त्याने ब्लॉक केलं.

बडोद्यात सरड्यांची खरी माहिती असणारा जनावरांचा डॉक्टर शोधणं हे वेगळंच काम, कुत्र्या-मांजरांचे भरपूर आहेत. एका डॉक्टरबाईंनी मात्र नीट वेळ देऊन सांगितलं की ऊन घ्यायला गरम कोपरा, पलीकडे गार कोपरा आणि युव्हीबी दिवा (उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण देणारा) नसेल तर हाडं जातात, नुसता काचेचा डबा चालत नाही.

घेतला नाही. मुलगा दोन दिवस फुगून होता, नंतर स्वतःच आजीला सांगत बसला की यातली एक छोटी जात संपली असंच सगळे धरून चालले होते आणि १९९२ मध्ये ती एका मेलेल्या सापाच्या पोटात सापडली, मग कळलं की ती कोळ्यांच्या बिळात राहते. आता दांडिया बाजारच्या जुन्या घरी गेला की कुंड्यांमागच्या सापसुरळ्या बघत बसतो, आजी ओरडते तरी.

कुणाकडे आधीच ब्लू टंग असेल तर घाबरून शेतात किंवा नदीकाठी सोडू नका प्लीज, तो इथला नाही, जगायचा नाही. बिल, फोटो घेऊन वनखात्याच्या ऑफिसात जा आणि जात कुठली ते आधी विचारा.